हितसंबंध जाहीर करून

पुण्याला गेलो की कोणीतरी विचारतंच, "तिकडे इंग्लंडात नगरसेवक आहेस म्हणे. म्हणजे नक्की करतोस काय?" मी सांगतो, कचऱ्याचे डबे, रस्त्यातले खड्डे, शेजाऱ्याच्या कुंपणाची वाढलेली झुडपं. लोक हसतात, चहा येतो, विषय संपतो. मी करसमितीवर बसत होतो हे मी सांगत नाही. सांगितलं तर पुढचंही सांगावं लागेल. माणूस मुळातच कमी बोलतो, असं घरचे माझ्याबद्दल म्हणतात आणि मीही ते चालवून घेतलं. आता पन्नाशी उलटून गेली आहे, पुढच्या निवडणुकीला उभं राहायचं नाही हे ठरलं आहे, तेव्हा एकदा लिहून टाकतो.

समितीचं इंग्रजी नाव लांबलचक आहे. घरी आम्ही तिला करसमितीच म्हणायचो. इथल्या कौन्सिलला स्वतःचा म्हणावा असा एकच कर असतो, राहत्या घरावरचा. बाकी सगळे कर लंडनचे. आणि हा एक जो आहे तो किती वाढवायचा, यावरही लंडनने वरून झाकण ठेवलेलं आहे. मग गावाच्या हातात राहतं काय, तर कोणाला सूट द्यायची आणि किती द्यायची, एवढं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण दरवर्षी हिवाळ्यात खरी वादावादी व्हायची ती त्यावरच. कागद तयार करायचे फायनान्सचे अधिकारी, त्यावर होकार द्यायचं कॅबिनेट, म्हणजे सत्ताधारी पक्षातले खाती सांभाळणारे मोजके नगरसेवक, आणि मग आम्ही नऊ जण कमिटी रूममध्ये बसून तो कागद पानापानाने उलटायचो, शंका काढायचो आणि शेवटी शिफारस करायचो. कर आम्ही लावत नव्हतो. पण आम्ही ज्याला बोट लावलं नाही ते पुढे तसंच्या तसं पास व्हायचं, आणि आम्ही ज्याला नाही म्हटलं ते कॅबिनेट त्या वर्षापुरतं बाजूला ठेवायचं. तसा काही लिखित नियम नव्हता. फुल कौन्सिलमध्ये, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेत, आमच्या पक्षाचं बहुमत इतकं बारीक होतं की समितीशी उघड भांडण कोणाला परवडत नव्हतं, म्हणून पडलेली पद्धत.

समितीत आमच्या पक्षाचे पाच, त्यात अध्यक्षबाई धरून. विरोधी चार. हे गणित पुढे लागणार आहे, म्हणून आत्ताच सांगितलं.

आता माझ्या मित्राबद्दल. तो नागपूरचा, मी पुण्याचा. एकाच कंपनीने आम्हाला एकाच विमानाने इकडे पाठवलं. बेसिंगस्टोकच्या बिझनेस पार्कमध्ये आम्ही शेजारी बसायचो आणि एका खोलीत दोन गाद्या टाकून राहायचो. तो बोलायचा, मी ऐकायचो. नंतर दोघांची लग्नं झाली, दोघांनी नोकऱ्या बदलल्या आणि दोघंही या गावात आलो, कारण इथे घरं त्यातल्या त्यात स्वस्त होती. मी घर घेतलं. तो "घेऊ बे, घाई काय आहे" म्हणत एका वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये भाड्यानेच राहिला. आमच्या मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाचं सूत्रसंचालन त्याच्याकडे असायचं. हातात कागद नाही, काही नाही. लहान मुलांचा नाच फसला की तो असा काही बोलायचा की मुलांचे आईवडील सगळ्यांत आधी हसायचे. लोक कार्यक्रमाला येत ते अर्धे जेवणासाठी आणि अर्धे त्याच्यासाठी, असं आम्ही म्हणायचो. तो म्हणायचा, "अर्धे नाही बे, जेवणाचं पाऊण धर."

मग त्याच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. कंपनीने काही महिने सांभाळून घेतलं आणि मग रीस्ट्रक्चरिंगमध्ये त्याची जागा गेली. वहिनी, म्हणजे त्याची बायको, जवळच्या प्रायमरी शाळेत दुपारच्या जेवणाच्या वेळी मुलांना वाढायला जायला लागल्या. मुलगी मँचेस्टरला शिकून तिथेच नोकरीला लागली होती, नुकतीच. मंडळात त्याने जाहीर केलं की मी लवकर रिटायर झालो, तुम्ही बसा कोडिंग करत. वहिनींचं काय, तर वेळ जावा म्हणून जाते शाळेत. लोकांनी विश्वास ठेवला. त्याच्या सांगण्यावर कोणीही विश्वास ठेवला असता.

अशा घरांना तेव्हा आमच्या कौन्सिलमध्ये करात पूर्ण सूट मिळत होती. हे मला माहीत होतं, त्याला नव्हतं. मीच त्याच्या मागे लागलो. तो ऐकेना. म्हणाला, आमच्या घरात कोणी कधी असं काही मागितलं नाही. मी म्हटलं, मागायचं काय त्यात, इतकी वर्षं सगळे टॅक्स भरलेस ना, हा तुझा हक्क आहे. शेवटी त्याच्या डायनिंग टेबलावर बसून मी लॅपटॉपवर त्याचा अर्ज भरला. वहिनी उभ्याच होत्या. अर्ज सबमिट करायच्या आधी त्याने माझं मनगट धरलं.

"मंडळात कोणाला कळलं नाही पाहिजे. तुझ्या बायकोला सांग, ती चांगली आहे. बाकी कोणाला नाही."

मी शब्द दिला. शब्द देणं मला सोपं जातं, कारण मी मुळात बोलतच नाही.

दोनेक वर्षं हे ठीक चाललं. मग एका शरद ऋतूत फायनान्सवाल्यांनी मांडलं की पूर्ण सूट आता झेपत नाही. म्हाताऱ्यांच्या केअरचा खर्च सगळं खाऊन टाकतो आहे, हे खरंच होतं. मी आकडे पाहिले होते. प्रस्ताव असा होता की परिस्थिती कितीही वाईट असली तरी प्रत्येक घराने कराचा निदान पाचवा हिस्सा भरायचा. पेन्शनरांना त्यातून वगळलेलं होतं, कारण त्यांना हात लावायचा नाही हा लंडनचा कायदा आहे. म्हणजे भार कोणावर, तर पेन्शनचं वय न झालेल्यांवर. आजारी, नोकरी गेलेले, एकट्या आया. आणि माझा मित्र.

आमच्या पक्षाचा नेता म्हणजे एक निवृत्त हेडमास्तर. उंच, शांत आवाजाचा, प्रत्येकाच्या मुलांची नावं लक्षात ठेवणारा. पक्षाच्या ग्रुप मीटिंगमध्ये तो म्हणाला की हे कोणालाच आवडत नाही, मलाही नाही, पण या वेळी मला प्रत्येकजण लागेल. नंतर कार पार्कमध्ये माझ्या बाजूने चालत आला. माझ्या आईची तब्येत विचारली. मग म्हणाला की पुढच्या वर्षी तुला कॅबिनेटमध्ये बघायला मला आवडेल, पार्क्स आणि लायब्ररी खात्यावर. दोन्ही वाक्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे असं त्याने दाखवलं नाही, आणि मीही दाखवलं नाही. पण मला ते हवं होतं. आजवर हे मी बायकोलाही कबूल केलेलं नाही. वर्षानुवर्षं त्या लोकांच्या खोल्यांत मागच्या खुर्चीवर बसून मला ते फार हवं झालं होतं.

दर गुरुवारी डायलिसिसनंतर मित्राला घरी सोडायचं काम माझं. चार तास मशीनला लावल्यावर माणूस पिळून निघतो. त्यामुळे गाडीत तोही गप्प असायचा, आणि मला ते बरं वाटायचं. त्या आठवड्यात राउंडअबाउटपाशी सिग्नलला थांबलो होतो तेव्हा त्याने विचारलं, ते सूट बंद करायचं पेपरात आलं आहे ते खरं का? मी म्हटलं, अजून काही ठरलेलं नाही, समिती ठरवेल.

"समिती म्हणजे तूच ना बे?"

मी म्हटलं, नऊ जण आहेत. त्याने सीटबेल्ट जरा सैल केला. मग म्हणाला, मी येऊन बसलो तर चालतं का तिथे? मी म्हटलं, पब्लिक मीटिंग आहे, कोणीही येऊ शकतं, ये. त्याने मत माग वगैरे काही म्हटलं नाही. तेव्हा नाही, नंतरही नाही. मागितलं असतं तर मला रागावता तरी आलं असतं.

घरी येऊन मी गणित केलं. मी विरोधकांबरोबर हात वर केला तर चार विरुद्ध पाच, प्रस्ताव पडतो आणि वर्षापुरता तरी जातो. मी पक्षाबरोबर हात वर केला तर पाच विरुद्ध चार, प्रस्ताव पास, आणि तोही समोर माझा मित्र बसलेला असताना. दोन्ही मला जमणार नव्हतं. मग मला तिसरी वाट सुचली. इथे प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला अध्यक्ष विचारतात की कोणाला हितसंबंध जाहीर करायचे आहेत का. म्हणजे विषयात तुमचं स्वतःचं काही गुंतलं असेल तर ते उघड सांगायचं आणि त्या विषयापुरतं खोलीबाहेर जायचं. चांगली पद्धत आहे. प्रामाणिक माणसांसाठी केलेली आहे. मी बाहेर गेलो की चार-चार होणार, आणि मग बरोबरी फोडायला अध्यक्षबाईंचं जादा मत पडणार. ते कुठे पडणार हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे निकाल मी हो म्हटल्यासारखाच. फक्त माझा हात वर झालेला कोणी पाहणार नाही.

खात्री करायला मी कौन्सिलच्या कायदा अधिकाऱ्याला फोन केला. स्कॉटिश बाई, नेमकं बोलणारी. तिला विचारलं, माझ्या ओळखीच्या एका घराला ही सूट मिळते, तर मला बाहेर जावं लागेल का? ती हसली. म्हणाली, छे, ओळख म्हणजे हितसंबंध नव्हे. तसं धरलं तर या गावात कोणालाच कशावर मत देता यायचं नाही. तुम्ही खुशाल बसा. मी फोन ठेवेना, तेव्हा ती सौजन्याने म्हणाली की अर्थात तुम्हाला अवघडल्यासारखं वाटत असेल तर तुमचा तुम्ही निर्णय घ्या. एवढा मोठा फोन झाला, त्यातलं हे शेवटचं वाक्य मी जपून ठेवलं.

बैठकीच्या दिवशी मित्र आधीच येऊन बसला होता. पब्लिक गॅलरी म्हणजे मागच्या भिंतीला लावलेल्या दोन ओळी, निळ्या खुर्च्यांच्या. त्याने मंडळात घालायचा तो चांगला कोट घातला होता. बाकी तिथे एक स्थानिक वार्ताहर मुलगी आणि दर बैठकीला येणारे एक म्हातारे गृहस्थ, बस एवढेच. अध्यक्षबाईंनी नेहमीची सूचना वाचून दाखवली, ज्यांचा स्वतःचा कर थकला आहे त्यांनी या विषयावर मत देऊ नये वगैरे, आणि मग हितसंबंधांचं विचारलं. मी माइकचं बटण दाबलं. लाल दिवा लागला.

एका वाक्यात आटोपलं असतं. पण अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, हा आर्थिक हितसंबंध आहे का? आणि मी गडबडलो. नाही म्हटलं तर मग बाहेर का जातोस, हा प्रश्न उरतो. म्हणून मी कारण जड करायला गेलो. म्हणालो की माझ्या स्वतःच्या समाजातला, माझा अगदी जवळचा मित्र आहे, त्याच्या घराला ही पूर्ण सूट मिळते, त्याचा अर्जही मीच भरून दिला होता, तेव्हा माझ्या सदसद्विवेकाला स्मरून मी या चर्चेत राहू शकत नाही. 'समाज', म्हणजे इथले लोक कम्युनिटी म्हणतात तो शब्दही मीच घातला. कोणी विचारलं नव्हतं.

कागद गोळा केले आणि दाराकडे निघालो. दार गॅलरीच्या बाजूलाच होतं. मित्र माझ्याकडे बघत होता, जरा गोंधळून, कार्यक्रमात एखाद्या मुलाने चुकीच्या वेळी एन्ट्री घेतल्यावर बघायचा तसा. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

कॉरिडॉरमध्ये जुन्या महापौरांच्या फोटोंखाली एक बाक होता. तिथे बसलो. आतून आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. बऱ्याच वेळाने क्लार्कने दार उघडून मला आत बोलावलं. चार-चार, आणि अध्यक्षांचं जादा मत प्रस्तावाच्या बाजूने. बैठक संपल्यावर विरोधी पक्षातला एकजण मुद्दाम टेबलाला वळसा घालून आला आणि त्याने माझा हात हातात घेतला. म्हणाला, मतं आपली वेगळी असतील, पण तुझ्यासारखी सरळ माणसं इथे आणखी हवी होती. मी थँक्यू म्हटलं.

मित्र बाहेर माझ्या गाडीपाशी उभा होता. थंडी होती. मी काही बोलायच्या आधी तोच म्हणाला, "नियम म्हटल्यावर तू तरी काय करणार बे. मला आधी सांगायचं तरी, मी इतका नटून आलो."

मी फक्त "हो" म्हणालो. कोणत्या वाक्याला हो, ते त्याने विचारलं नाही.

आमच्या बैठका ऑनलाइन दिसतात, पण त्या कोणी बघत नाही. ही बघितली गेली. मंडळाच्या सेक्रेटरीला कुठून कळलं कोण जाणे. त्याने माझा तेवढा तुकडा कापून मंडळाच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं होतं, आपला माणूस, आपले संस्कार. खाली हात जोडलेले, टाळ्या वाजवणारे किती तरी इमोजी. मला वाचून आधी बरंच वाटलं, हे पण लिहितो. बायको किचनमध्ये तोच व्हिडिओ बघत होती. तिने तो दोनदा बघितला आणि फोन माझ्यासमोर धरला. कॅमेरा समोरच्या भिंतीवर असतो. त्यात मी बोलतो आहे, माझ्या समाजातला अगदी जवळचा मित्र म्हणतो आहे, आणि माझ्या खांद्याच्या बरोबर मागे, निळ्या खुर्चीवर, अख्ख्या खोलीतला दुसरा एकच सावळा चेहरा. चांगला कोट घातलेला.

"तू त्याचं नाव नाही घेतलंस," ती म्हणाली. "पण घ्यायचं बाकी काय ठेवलंस?"

मी सेक्रेटरीला व्हिडिओ काढायला सांगितलं. तो म्हणाला, अरे, इतका काय विनय. शेवटी काढला, पण तोवर सगळ्यांनी बघितला होता.

कोणी काही वाईट बोललं नाही. आमच्या मंडळातले लोक चांगले आहेत, तेच नडलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हॉलच्या दारात नेहमीप्रमाणे खजिनदार टेबल टाकून बसले होते, वर्षाची वर्गणी घ्यायला. मित्र आणि वहिनी आले. त्याने खिशात हात घातला. खजिनदार लगबगीने उठले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाले, तुमची राहू द्या हो, तुमची कुठे पळून जाते आहे. हलका आवाज, पण रांगेत मागे चौघं-पाचजण होते आणि सगळ्यांनी एकाच वेळी दुसरीकडे बघितलं. मित्राने तरीही पैसे टेबलावर ठेवले. खजिनदारांनी ते परत त्याच्या कोटाच्या खिशात घातले. असं दोनदा झालं. मग वहिनी म्हणाल्या, "चला."

त्या संध्याकाळी त्याने सूत्रसंचालन केलं, पण हातात कागद घेऊन. तो शेवटचा कार्यक्रम. पुढे गुढीपाडव्याला आला नाही, तब्येतीचं कारण सांगितलं. मग कोणी विचारेनासं झालं. एक तरुण मुलगा आता मोबाइलवर बघून निवेदन करतो. चांगला आहे.

फेब्रुवारीत फुल कौन्सिलमध्ये तो विषय आला, तेव्हाही मी हितसंबंध जाहीर करून बाहेर गेलो. एकदा गेलो होतो, आता आत बसलो असतो तर लोकांनी विचारलं असतं. एप्रिलपासून त्यांना बिल सुरू झालं. वहिनींनी शाळेत, सुट्टीनंतर मुलांना सांभाळायच्या संध्याकाळच्या क्लबचे तास घेतले. मे महिन्यात मला पार्क्स आणि लायब्ररी खातं मिळालं. पेढे घेऊन मित्राकडे गेलो नाही. त्यानेच फोन करून अभिनंदन केलं, आणि गुरुवारी गाडीत लायब्ररीवरून दोन-तीन जोक मारले.

पुढच्या शरदात मुलीने मँचेस्टरला ट्रॅमच्या लाइनजवळ जरा मोठं घर भाड्याने घेतलं आणि आईवडिलांना तिकडेच बोलावलं. डायलिसिसची जागा तिकडे बदलून मिळाली. मित्र म्हणाला, बरंच झालं, पोरीच्या हातचं खाऊ. निघायच्या शनिवारी मी सकाळपासून त्यांच्याकडे सामान बांधायला गेलो. त्याच्या डाव्या हातात डायलिसिससाठी शीर जोडलेली, त्या हाताने वजन उचलायचं नसतं. त्यामुळे तो सोफ्यावर बसून मला हुकूम सोडत होता. ते खोकं उलटं धरलंस, टेप आडवी लावतात का, इंजिनियरिंग कुठून केलंस. आत वहिनी भांडी बांधत होत्या. सकाळपासून माझ्याशी चहा घ्या एवढंच बोलल्या होत्या.

मी पुस्तकं भरत होतो. तो आवाज खाली आणून म्हणाला, "ही अजून चिडून आहे तुझ्यावर. मनावर घेऊ नको. मी तिला हजारदा सांगितलं, कायदाच तसा आहे, त्याला बाहेर जावंच लागलं. तिला पटत नाही. वर्षभर हेच सांगून राहिलो."

मी त्या वेळी गप्प बसलो असतो तर आजही सगळं ठीक असतं. एक खोकं चिकटवलं, दुसरं घेतलं. मग का कोण जाणे, खाली फरशीवर बसलो आणि म्हणालो, "कायदा तसा नव्हता."

त्याला कळलं नाही. मी सगळं सांगितलं. स्कॉटिश बाईचा फोन, चार-पाचचं गणित, कार पार्कमधलं बोलणं. मोठं असं नव्हतंच ते, थोड्या वेळात संपलं.

"म्हणजे बसता येत होतं."

"हो."

"आणि तुला माहीत होतं."

"हो."

तो गुडघ्यावरची टेप उलटीसुलटी करत राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "हे आज कशाला सांगितलंस? माझं बरं चाललं होतं." मग टेप बाजूला ठेवून म्हणाला, "तिला तू सांग. मी नाही सांगणार. मी वर्षभर तुझी वकिली केली तिच्याकडे, तुला कळतंय का? माझ्याच घरात."

मी उठून किचनमध्ये गेलो. वहिनी ओट्यापाशी स्टीलचे डबे टॉवेलमध्ये गुंडाळत होत्या. घर लहान आहे, त्यांनी ऐकलं असणारच, तरी मी परत पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी हातातला डबा खाली ठेवला नाही.

"मग आत बसला असतात, तर हात कोणाच्या बाजूने वर केला असतात, भावजी?"

हा प्रश्न मला तोवर कोणी विचारला नव्हता, मी स्वतःसुद्धा. मी म्हटलं, माहीत नाही. त्यांनी टॉवेलचं टोक आत खोचलं. मग म्हटलं, बहुतेक पक्षाच्याच.

त्यांनी मान हलवली. "मग बाहेर गेलात ते बरं केलंत. ह्यांना समोर बसून ते बघावं लागलं असतं." डब्याला गाठ मारली. "टॅक्सचं काही नाही हो. तो भरला आम्ही. पण मंडळात ह्यांच्याशी लोक हळू आवाजात बोलायला लागले. तुम्हाला माहीत आहे ना, ह्यांच्याशी कधी कोणी हळू बोलायचं नाही."

मी हो म्हटलं. त्यांनी ते बोचकं माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, हे वर ठेवा, खाली दबेल. मग फ्रिजची वायर काढून द्यायला सांगितली, त्यांचा हात मागे पोहोचत नव्हता.

व्हॅन आली. ड्रायव्हर एकटाच होता, त्याच्याबरोबरचा माणूस आजारी पडला होता. मोठं सामान ड्रायव्हर आणि मी मिळून बाहेर काढलं, बाकी सगळं मी एकट्याने. मित्र दारात उभा राहून बघत होता, काही सुचवत नव्हता. सोफा जिन्याच्या वळणावर अडकला तेव्हाही बोलला नाही. माझी पाठ भरून आली होती. मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला असता तर दहाजण धावत आले असते, येताना डबेही घेऊन आले असते. म्हणूनच त्यांनी तो टाकला नव्हता. मी माझ्या बाजूने सोफा थोडा तिरका केला, श्वास घेतला आणि पुन्हा उचलला.